उतारावरून शहर

कॅल्गरी, २६ ऑगस्ट १९९६

ती. सोलांजमावशी हिस,
रेझांचा सा. न. वि. वि.

एप्रिलमध्ये अर्मांकाका तुला एकटीला टाकून गेले तेव्हा मी धावतपळत येऊन गेलो, त्यानंतर पत्र लिहायचं राहूनच गेलं. राग मानू नकोस. आज लिहितो आहे तेही माझ्याच कामासाठी, हे आधीच कबूल करतो.

काम आईचं आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती मॉन्ट्रियलमध्ये त्या वरच्या मजल्यावर एकटी राहते. घराला रस्त्यावरून चढणारा तो गोल लोखंडी जिना, त्यात तिचे गुडघे, आणि वर हिवाळ्यातला बर्फ. फोनवर विचारलं की ती म्हणते, मी हरणासारखी पळते, तू तुझं पोट सांभाळ. इतक्या लांबून मला काय दिसणार? इथे कॅल्गरीत वृद्धांसाठी एक चांगलं निवासस्थान आहे. तिथली एक खोली मी पंधरा ऑक्टोबरपर्यंत धरून ठेवली आहे.

तू चार दिवस तिच्याकडे जाऊन ये. शहर बघायला आले म्हण. बागा, चर्च, डोंगर, सगळीकडे तिला चालव, आणि ती खरंच एकटी राहू शकते का ते मला कळव. तुझा शब्द मी शेवटचा मानीन. आईला मात्र यातलं काही सांगू नकोस.

मावशीचा जीव आहेच माझ्यावर, तो या कामगिरीनंतरही राहू दे.

तुझा,
रेझां

मॉन्ट्रियल, ४ सप्टेंबर १९९६

चि. सोलांज हिस,
फेर्नांदचे अनेक आशीर्वाद वि. वि.

सहासष्टाव्या वर्षी तुला एकदम शहर बघायची हौस आली हे वाचून मला अगदी भरून आलं. आजवर तू इथे आलीस ती कुणाच्या लग्नाला नाहीतर मयताला, आणि दोन्ही वेळा घाईत. तेव्हा जरूर ये. येताना शिकुतिमीच्या ब्लूबेरींच्या मुरंब्याची बरणी आण. इथे मिळतो त्याला मी मुरंबा म्हणत नाही.

बेत मी आखून ठेवला आहे, त्यात तू लुडबुड करायची नाहीस. पहिल्या दिवशी डोंगर. अकरा नंबरची बस थेट वर नेऊन सोडते. गच्चीवरून सगळं शहर आणि नदी बघायची, आणि मग झाडीतून रमतगमत उतरायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओरातोआरचं मोठं देऊळ. तिथे भाविक लाकडी पायऱ्या गुडघ्यांवर चढतात, त्यांना चढू दे. आपल्यासाठी आत सरकते जिने आहेत आणि देवाला दोन्ही वाटा सारख्याच. दुपारी जुनं बंदर. तिसऱ्या दिवशी वनस्पती उद्यान, तिथे बसून फिरायला छोटी गाडी मिळते. पन्नास वर्षं या शहरात काढल्यावर ते कुठून बघायचं एवढं मला कळतं.

आणि बघण्यासारखं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे माझा जिना. कालच दोन जपानी मुली त्याचे फोटो काढत होत्या. मी वरून हात हलवला, म्हणजे आता मीही जपानला पोचले.

रेझांला तुझ्या येण्याचं मी कळवलेलं नाही. त्याला ते ठाऊक असेलच, असं आपलं मला उगाच वाटतं.

ये लवकर. आशीर्वाद नेहमीचेच, जेवण मात्र पाहुण्यांचं मिळेल.

तुझी ताई,
फेर्नांद

शिकुतिमी, २३ सप्टेंबर १९९६

चि. रेझां यास,
सोलांजमावशीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

परवा घरी पोचले. शहर डोळे भरून पाहिलं. बंदराजवळच्या बासिलिका चर्चच्या निळ्या छतावरचे सोनेरी तारे बघताना मी इतका वेळ बसून राहिले की शेवटी तुझ्या आईनं हात धरून मला उठवलं. बंदरावरून पलीकडची ती सिमेंटची घरं दिसतात ना, खोकी एकावर एक टाकून कुणी विसरून गेल्यासारखी? तुझ्या आईच्या मते तिथे राहणाऱ्यांना स्वतःचं दार सापडतं हेच नवल. बंदरावर आइसक्रीम घेतलं, ते मात्र वाया गेलं. उद्यानातल्या चिनी बागेत तळ्याकाठी दोघी तासभर बसलो. मला फार बरं वाटलं.

आता तुझं काम. आईनं सगळा बेत उताराचा आखला होता. चढायला बस, सरकते जिने, छोटी गाडी, आणि चालायचं ते फक्त खाली. मी मनात म्हटलं, बाई हुशार आहे. पण गुडघे दुखणाऱ्याला चढण परवडते, उतरण नाही, हे ती विसरली. किंवा मला कळणार नाही असं तिला वाटलं. डोंगर उतरताना तिनं दर वळणावर मला थांबवून एकेक झाड दाखवलं. इतकी झाडं मी शिकुतिमीच्या जंगलातही पाहिली नाहीत.

शेवटच्या दिवशी सकाळी लवकर जाग आली म्हणून खिडकीशी गेले. ती पाव आणायला निघाली होती. जिना ती पाठमोरी उतरत होती रे, दोन्ही हातांनी कठडा धरून, जहाजाच्या शिडीवरून खलाशी उतरतो तशी. रस्त्यावर कुणी यायच्या आत. एकवीस पायऱ्या मी एकेक करून मोजल्या. खाली पोचल्यावर तिनं केस नीट केले आणि ताठ मानेनं चालू लागली.

तू माझा शब्द मागितलास. वरच्या मजल्यावर तिनं राहू नये. हे लिहायला नको वाटतं, पण खोटं लिहिलं आणि बर्फात काही झालं तर मी जगू शकणार नाही. मात्र पाठीमागून बोलणंही मला जमायचं नाही, म्हणून याच पत्राची नक्कल मी ताईलाही पाठवते आहे. तुला दिलेलं वचन मोडलं, त्याबद्दल माफ कर.

तुझ्यावर माया आहेच. ताईची माझ्यावर उरते का, ते आता बघायचं.

तुझी मावशी,
सोलांज

मॉन्ट्रियल, १ ऑक्टोबर १९९६

चि. सोलांज हिस,
फेर्नांदचे आशीर्वाद. किती ते पुढे वाचून ठरव.

नक्कल मिळाली. दोन दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की तुझ्या मुरंब्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी लावला.

तू हेरगिरीला आलीस हे मला तुझ्या पहिल्या पत्रातच कळलं होतं. लहानपणी आईनं तुला माझ्या मागावर पाठवलं की तू अशीच फुलांबद्दल बोलायला लागायचीस. पण अगं, तीन दिवस तू माझे गुडघे बघत होतीस, तेव्हा मी काय बघत होते? ताटातलं अर्धं तू टाकत होतीस. बोटातली अंगठी पाचदा गळून पडली, इतकी वाळली आहेस. घरी गेल्यावर कुणाशी बोलतेस विचारलं तर रेडिओचं नाव सांगितलंस. आणि बंदरावर माझे दात दुखतात म्हणून मी आइसक्रीम नको म्हटलं, तरी तू दोन घेऊन आलीस. दुसरं अक्रोडाचं होतं. अर्मांला आवडायचं ते. ते विरघळून मनगटावर ओघळेपर्यंत तू कचऱ्याच्या डब्याशी उभी होतीस. मी नदीकडे तोंड करून बसले होते, पण मी पाहिलं. तिथेच मला रडू आलं, आणि तुझ्यासमोर रडायचं नाही म्हणून मी त्या सिमेंटच्या घरांची चेष्टा केली.

तेव्हा मीही रेझांला तुझ्याबद्दल एक पत्र लिहिलं आहे. नक्कल पाठवत नाही, अक्षर वाईट आलं आहे.

आता ऐक. वरचा मजला मी सोडते. तू लिहिलंस म्हणून नाही. माझ्या खालची मादाम तेस्ये तळमजला सोडून मुलीकडे जाते आहे म्हणून. पुढच्या वर्षी पहिल्या जुलैला इथले भाडेकरार संपतात आणि अख्खं शहर बिऱ्हाडं हलवतं, त्यात मीही हलवीन, एकवीस पायऱ्या खाली. कॅल्गरीची खोली रेझांनं स्वतःसाठी ठेवावी, त्याचं पोट बघता लवकरच लागेल. तळमजल्यावर पाच खोल्या आहेत आणि पुढे फुलझाडांना जागा. घरमालकाला मी दोन नावं दिली आहेत. तुझ्या नावातलं स्पेलिंग त्यानं दोनदा विचारून घेतलं. तुला विचारायचं राहिलं खरं. नाही म्हणायचं असेल तर इथे येऊन माझ्या तोंडावर म्हण.

राहिला हा हिवाळा. तो मी तुझ्याकडे शिकुतिमीला काढणार आहे. तुझ्या घराला एकच पायरी आहे, ती मी तोंड पुढे करून उतरेन आणि तू खिडकीतून मोजशील.

जुलैत पुन्हा बंदरावर जाऊ. सवयीप्रमाणे आइसक्रीम दोनच घे, अक्रोडाचंही घे. दातांचं काय ते मी बघते.

आशीर्वाद होते तेवढे सगळे. बाकीचे भेटीत.

तुझी ताई,
फेर्नांद