दहा माद्या, चार शर्ट

३ जानेवारी, शनिवार
आजपासून मी हार्लनमामांच्या नऊशे एकरांवरच्या हरणांचा मॅनेजर. सकाळी पावासारख्या गरम बिस्किटावर काकवी ओतता ओतता मामांनी जाहीर केलं. हरणं फार झालीत, चारा पुरत नाही, निम्म्यांच्या बरगड्या मोजता येतात. नर मारून कळप आटोक्यात येत नसतो, माद्याच कमी करायला हव्यात. म्हणाले, महिनाअखेर वीस. दहा मी आणि मेरीबेथ बघतो, दहा तुझ्या. जमलं तर तळ्याकाठची खोली तुझी, इथेच राहा. नाही जमलं तर एक तारखेच्या बसने परत कॉलेजात.
कॉलेज! दोन वर्षं हरणांवरची पुस्तकं वाचली, हरीण एक दिसलं नाही. प्राध्यापकांच्या टेबलावर वही आपटून निघालो ते उत्तमच केलं.
मेरीबेथ कुंपणापलीकडे राहते. मारलेलं प्रत्येक हरीण तीच तोलते, दात बघून वय वहीत लिहिते. म्हणजे दहा माद्या, दहा भेटी. पाचव्या भेटीत मनातलं सांगायचं.
निश्चय: आठवड्याला तीन. डोकं थंड ठेवणे.

६ जानेवारी, सकाळी ७.१०
मचाणावर. हरणांसाठी पेरलेल्या ओटच्या तुकड्यात चार माद्या. साठ पावलं. नेम अचूक. गोळी गेली. माद्याही गेल्या. रायफलची दुर्बीण वाकडी आहे.

त्याच दिवशी, दुपारी
ओडेल कात्री घेऊन दारातच उभा. हा आमच्या कॅम्पवर स्वयंपाक करतो, हरणं सोलतो आणि उरलेल्या वेळात माणसं सोलतो. नेम चुकला की शर्टाचं शेपूट, म्हणजे मागचा लोंबता भाग, कापून भिंतीवर ठोकायचं, ही इथली रीत. आजोबांचंही आहे तिथे. मी म्हटलं, दोष दुर्बिणीचा, शर्टाने काय केलंय? तर म्हणे, आण दुर्बीण, तिला शेपूट असलं तर तेच कापतो.
मेरीबेथ खूप हसली. माझ्याकडे बघून हसली, हे महत्त्वाचं.

११ जानेवारी
मचाणाखाली एका खारीने दीड तास कटकट केली. डोकं थंड ठेवलं होतं, तरी शेवटी बूट फेकून मारला. खार पळाली. तिच्यामागे झाडीतून सात माद्या पळाल्या. त्या तिथे होत्या हे तेव्हा कळलं. धावत्या कळपावर गोळी झाडली. दुसरं शेपूट. चौकड्यांचा शर्ट, आईने दिलेला.
मामा म्हणाले, अरे गाढवा, कळप कमी करायचाय, शेजाऱ्यांकडे पाहुणा म्हणून पाठवायचा नाही. पण त्या सातांतल्या दोन मेरीबेथने कुंपणापाशी टिपल्या. मी हाकलल्या, तिने टिपल्या. आमची जोडी जमते.

१९ जानेवारी
मामा चार. मेरीबेथ सात. मी अजून अभ्यास करतोय.
रात्री जेवताना सगळ्यांना पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. एकटं आलेलं लहान हरीण कधीही मारू नये. मादीसारखं दिसतं, पण बहुधा नर पिल्लू असतं, शिंगं केसांखाली बटणाएवढी. ओडेलने मध्येच माझ्या ताटात आणखी शेंगदाणे वाढले, बहुधा तोंड बंद व्हावं म्हणून. मेरीबेथने विचारलं, एवढं पाठ आहे तर परीक्षेला का नाही बसलास?
कौतुकाची तिची ही पद्धत आहे.

२७ जानेवारी
तिसरा शर्ट. संध्याकाळी चौथा. वारा होता.
ओडेल म्हणतो, भिंतीवर जागा संपत आली, पोरा, आता तरी हरणाला मार नाहीतर दुसरी भिंत बांध. मी ट्रकला लाथ मारली. ट्रकला काही झालं नाही. लंगडत मचाणावर चढणं अवघड जातं, हे उद्याच्या हिशोबात धरावं.

३१ जानेवारी
शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचला पाच मिनिटं कमी. ओटमध्ये एकच मादी. लहानशी. एकटी. वारा नाही, खार नाही. गोळी झाडली. जागीच पडली!
ओरडलो. मामा आले, मेरीबेथ आली. मी मनातलं पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं ठरवलं. एवढ्यात ती गुडघ्यावर बसली आणि हरणाच्या कपाळावर बोटं फिरवू लागली. दोन बटणं. जबडा उघडला. वहीत लिहिलं: नर, सहा महिने. मग उगाचच त्याचा कान सरळ केला.
कोणी चेष्टा केली नाही. ओडेलनेसुद्धा नाही. तेच वाईट वाटलं.
वीस माद्या मात्र पूर्ण झाल्या. सात मामांच्या, तेरा मेरीबेथच्या. तळ्याकाठची खोली मामांनी तिला ऑफिस म्हणून दिली. मला म्हणाले, बस सव्वानऊची आहे, बाळा.

१ फेब्रुवारी, बसमध्ये
मेरीबेथ स्टॉपवर आली होती! कागदात बांधलेलं काहीतरी हातात दिलं, म्हणाली, अभ्यास कर. बस वळेपर्यंत थांबली नाही; तिला भावना आवरत नसणार.
आत नवा शर्ट. निळा. मागचं शेपूट कापलेलं, कडेला व्यवस्थित शिलाई. टाचणीला चिठ्ठी: "तुझा वेळ वाचावा म्हणून."
माप अगदी बरोबर आहे. न विचारता तिला माझं माप माहीत आहे, याचा अर्थ काय तो उघड आहे.
लगेच घातला. पँटीत खोचला की काही कळत नाही. फक्त पेन उचलायला वाकलो तेव्हा कमरेला गार लागलं.