आठव्या क्रमांकाची पिल्सनर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा बीअर बनवणे (सध्या बंद), राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी दिला असून तो सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकणारा एकच माणूस होता, तो सहा वर्षांपूर्वी वारला. पूर्वीचे मृत्युपत्र मी यजमानांनी सांगितले तसे लिहिले होते. ते रद्द समजावे.

कलम १. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. मृत्युपत्राचे वाचन दुकानातच, रविवारी दुपारी चार वाजता, पिल्सनर मंडळाची बैठक भरलेली असताना मोठ्याने व्हावे. कलम पाच वाचून होईपर्यंत कोणाचाही ग्लास भरू नये. नंतर कोणाची प्यायची इच्छा उरली तर त्याने स्वतः उठून भरून घ्यावा.

कलम २. दुकान, मागची बीअर बनवायची खोली, तळघरातली थंड खोली आणि वरचा मजला ही सर्व मिळकत माझ्या वडिलांची. ते लाकडी पिंपे बनवत. पिंप बनवणाऱ्याला आत काय भरले जाणार हे कळलेच पाहिजे, असे त्यांचे मत होते, म्हणून मला त्यांनी वयाच्या विसाव्या वर्षी एका जुन्या बीअरवाल्याकडे शिकायला घातले. लग्न झाल्यावर यजमान इथे राहायला आले. पुढच्या काउंटरवर ते उभे राहिले, मागच्या खोलीत मी. सव्वीस वर्षे पिल्सनर, म्हणजे फिकट सोनेरी, कडसर बीअर, मी केली आणि लोकांनी शाबासकी त्यांना दिली. लोक म्हणत, यजमानांची जीभ सोन्याची. असेलही. ती मुख्यतः बोलण्याच्या कामी येत असे.

कलम ३. पिल्सनर मंडळ म्हणजे दर रविवारी खिडकीजवळचे टेबल अडवून, कोणती पिल्सनर श्रेष्ठ यावर भांडणारे चार शहाणे. यजमान त्यांचे अध्यक्ष. बाकीच्या तिघांना मी येणेप्रमाणे देते.

दातवाले डॉक्टर : यांनी चाळीस वर्षे लवंगेच्या तेलात नाक घातले, आणि निवृत्त झाल्यावर त्याच नाकाने कांदे सोलायला लागले. ग्लास उजेडात धरायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पावसात भिजलेलं गवत." यांना माझा जुना रुमाल द्यावा. आधी नाक पुसावे, मग बोलावे.

प्राध्यापक : भूगोल शिकवत. कोणत्या गावचे पाणी कठीण, कोणते मऊ, हे एका घोटात सांगतात. गेली नऊ वर्षे मी त्यांच्यापुढे नळाचे पाणी ठेवते आणि ते त्याला झऱ्याचे म्हणतात. यांना नळ द्यावा. जुना, गळका आहे.

विमेवाले : यांना काही देऊ नये. यांचे मत नेहमी शेजाऱ्याच्या मताला चिकटलेले असते, तेच त्यांना पुरे.

कलम ४. यजमानांचा पुतण्या सध्या दुकान चालवतो. आयत्या बिळावरचा नागोबा. त्याला काउंटरमागची उंच खुर्ची द्यावी, कारण दुकानातल्या वस्तूंपैकी तिचाच उपयोग त्याला ठाऊक आहे. याखेरीज माझ्या स्थावर-जंगम मिळकतीत त्याचा कसलाही हक्क राहणार नाही. कारण पुढीलप्रमाणे.

कलम ५. अकरा वर्षांपूर्वी माझ्या पाठीने दगा दिला. मोठा हंडा ढवळणे जमेना. माझ्या बहिणीची मुलगी चार वर्षे माझ्या हाताखाली शिकत होती. माल्ट, म्हणजे मोड आणलेले जव, नुसते चावून ते किती भाजले आहे हे सांगणारी, यीस्टला तान्ह्या मुलासारखी जपणारी. मागची खोली तिला द्यावी असे माझे म्हणणे. यजमानांना पुतण्याला द्यायची होती. शेवटी ते म्हणाले, "दोघांनी एकेक पिंप करू दे. मंडळ चाखेल. नावं झाकून. मग तर झालं?"

आठ ग्लास ठरले. दुसऱ्यात पुतण्याची, पाचव्यात भाचीची, उरलेल्या सहांत बाजारातल्या नावाजलेल्या बाटल्या. कोणत्या ग्लासात काय, याची यादी यजमानांनी पाकिटात घातली आणि तिची एक प्रत मला दिली, कारण ग्लास भरणे हे अर्थातच माझे काम.

त्या सकाळी मी दोन्ही पिंपे चाखली. भाचीने आपली पिल्सनर थंड खोलीत सहा आठवडे ठेवली होती. पुतण्याला धीर नव्हता. त्याने दोन आठवड्यांत बाहेर काढली. तिला उकडलेल्या कोबीचा वास येत होता. ती मी कोणापुढे ठेवली नसती. मग मनात आले, या शहाण्यांना एकदा तोंडावर पाडावे. मी आठही ग्लास भाचीच्याच पिंपातून भरले. बाजारच्या सहा बाटल्या शेजारच्या घड्याळवाल्यांना देऊन टाकल्या. त्यांना विचारून खात्री करावी. निकाल लागला की म्हणायचे होते, "आठही ग्लास एकाच पिंपातले आहेत, आणि ते पिंप हिचं आहे." हे वाक्य मी सकाळपासून तीनदा घोकले होते.

मंडळ बसले. दातवाल्या डॉक्टरांनी दुसरा ग्लास घेतला आणि डोळे मिटले. "वा! मागून मध येतो. हा सरावलेला हात आहे." पाचवा घेतला आणि तोंड वाकडे केले. "छे! हे कोणा शिकाऊचं काम. पातळ, आणि कडूपणा नुसता टोचतो."

"पाणीच वेगळं आहे," प्राध्यापक म्हणाले. "दुसऱ्यातलं मऊ, हे कठीण."

विमेवाले हळूच म्हणाले, "मला पाचवी बरी वाटली हो."

"तुम्ही शेंगदाणे खाल्लेत. तुमची जीभ बाद," डॉक्टर म्हणाले.

"असेल, असेल," विमेवाले म्हणाले.

तिसरा ग्लास जास्त कडू की सातवा, यावरून डॉक्टर आणि प्राध्यापक असे भांडले की पुढे दोन आठवडे त्यांचा अबोला होता.

यजमानांनी पाकीट फोडले. "पहिला क्रमांक, ग्लास दुसरा. आमचा पुतण्या!" टाळ्या झाल्या. "आठवा क्रमांक, ग्लास पाचवा." ते थांबले, दारात उभ्या असलेल्या भाचीकडे पाहून हसले. "असू दे गं पोरी. बाटल्या धुवायला तुझा हात चांगला आहे." मंडळ खो-खो हसले.

मी ट्रे घेऊन उभी होते. भाची माझ्याकडे पाहत होती. यजमानांचे मित्र, यजमानांचे दुकान म्हणून गावभर झालेले नाव, यजमानांचा फुललेला चेहरा. मी तोंड उघडले आणि म्हणाले, "अजून कोणाला देऊ?"

मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणतात. ते माझे शब्द होते. दुसरे काही मी बोलले नाही.

कलम ६. चौथ्या दिवशी भाची आपली पेटी घेऊन गेली. पुतण्याने तीन वर्षे पिल्सनर केली, दोनदा अख्खे पिंप गटारात ओतावे लागले, मग त्याने गुपचूप कारखान्यातून भरलेली पिंपे आणायला सुरुवात केली. मंडळ आजही ती पिते आणि डोळे मिटून म्हणते, "घरच्या चवीला तोड नाही." यजमान गेले तेव्हा मला बोलता आले असते. मेलेल्या माणसाची अब्रू, अशी नवी सबब मी शोधली आणि आणखी सहा वर्षे मूग गिळून बसले.

कलम ७. गेल्या महिन्यात मी भाचीकडे गेले. ती पावाच्या यीस्टच्या कारखान्यात आहे, एका विभागाची प्रमुख, पांढरा कोट, हाताखाली अकरा माणसे. तिने चहा मागवला. मी सगळे सांगितले, एकही शब्द गाळला नाही.

ती म्हणाली, "मला माहीत आहे, मावशी."

"कसं?"

"त्या दिवशी ग्लास कोणी धुतले? मीच ना? प्रत्येकाच्या तळाशी घोटभर उरली होती. आठही चाखले मी. आपली बीअर मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस गं?"

"मी बोलले असते तर हरलेली पोर कांगावा करते म्हणाले असते. ते तू बोलायला हवं होतंस." तिने कप बाजूला ठेवला. "मी तीन दिवस थांबले होते. तू बोलशील म्हणून."

कारखान्याची घंटा झाली, ती उठली. दारापर्यंत माझा हात धरून मला सोडायला आली, कारण जिना उंच होता.

वर तिघांना मी जे दिले ते त्यांच्या लायकीचे आहे. पण त्या टेबलाभोवती सर्वांत क्षुद्र माणूस कोण होते, हे वाचनाच्या वेळी कोणी विचारले तर वकीलबाईंनी माझे नाव सांगावे. त्यांना चव कळत नव्हती. मला कळत होती.

कलम २ मधील सर्व मिळकत, तांब्याचा हंडा आणि माझ्या वह्यांसह, मी भाचीला देते. तिने ती मागितलेली नाही. घेशील का, असे मी जिन्यावर विचारले तेव्हा ती म्हणाली, "बघू." तिने जागा विकली, पाडली किंवा हंडा मोडीत घातला तरी कोणी तिला बोल लावू नये. आणि हे देऊन माझी फिटंफाट झाली असे कोणी समजू नये. मी तरी समजत नाही.

हे सर्व मी पूर्ण वाचून, दोन्ही साक्षीदार समोर असताना, चष्मा लावून सही केली आहे.

सही : (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार १ : समोरच्या छापखान्याच्या मालकीणबाई (सही)
साक्षीदार २ : डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण : राहते घर, वरचा मजला
तारीख : १४ नोव्हेंबर २०१९, गुरुवार, सकाळी साडेअकरा