नऊ सतराचा घास

८ डिसेंबर, सकाळी ६
आजपासून मी निरीक्षक. जंगलातल्या पक्षी-संशोधन केंद्राच्या प्रमुख योवानाबाईंनी मकाव पोपटांच्या घरट्याचा कॅमेरा घरबसल्या इंटरनेटवरून बघायला माझ्या हवाली केला. आमच्या पुएर्तो माल्दोनादो गावच्या नदीच्या धक्क्यावर तीस वर्षं होड्यांच्या नोंदी केलेला माणूस मी, तीन पिल्लं म्हणजे किस झाड की पत्ती. मादी मोठ्या दोघांना भरवते आणि तिसऱ्याला बरेचदा उपाशी ठेवते. दुपारपर्यंत त्याच्या गळ्याखालची पिशवी रिकामी दिसली, की मी फोन करायचा. मग केंद्राची माणसं झाडावर चढून त्याला दुसऱ्या जोडीच्या घरट्यात ठेवतात. नाहीतर दोन-चार दिवसांत खेळ खलास.
संकल्प: स्क्रीनवरून नजर हलवायची नाही.

सकाळी ६.४०
कॉफीपुरती हलवली.

९ डिसेंबर
९.१७ ला तिसऱ्यालाही घास. पिशवी टम्म. माझ्या देखरेखीचा परिणाम. बायको सातुर्निना म्हणाली, त्या पक्षिणीला काय स्वप्न पडलंय तुम्ही बघताय म्हणून? तिला शास्त्रातलं कळत नाही.

१० डिसेंबर
रात्रीपासून मुसळधार. चित्र जरा अडकलं, मग स्वच्छ आलं. तिसऱ्याला घास: ९.१७.

११ डिसेंबर
पाऊस. घास: ९.१७. याला म्हणतात शिस्त. आमचे जावई लग्नालासुद्धा वेळेवर आले नव्हते. योवानाबाईंचा निरोप: ऊन नाही, सोलरच्या बॅटऱ्या उतरल्यात, काही शंका आली तर लगेच कळवा. कळवलं, शंका नाही.

१२ डिसेंबर, सकाळी
आता नोंद नऊलाच लिहून ठेवतो. वेळ वाचतो.

दुपारी
सातुर्निना तळलेली केळी ठेवून स्क्रीनसमोर उभीच राहिली. म्हणाली, तीन दिवस पत्र्यावर धो धो चाललंय आणि तुमची मकाव कोरडी ठणठणीत घरी येते, छत्री नेते वाटतं? मी समजावलं की जंगलातलं हवामान वेगळं असतं. तिने चित्राखालच्या तारखेवर बोट ठेवलं. ९ डिसेंबर.
केंद्राची वीज गेली की साइटवर जुनंच चित्रण पुन्हा पुन्हा फिरतं म्हणे. मी फोन हातात घेऊन नुसताच बसलो. नंबर तिने लावला.

१३ डिसेंबर
भर पावसात माणसं झाडावर चढली. तिसरं जिवंत आहे, पण वजन असायला हवं त्याच्या निम्मं. दुसऱ्या घरट्यात ठेवलं. योवानाबाई ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं की तिन्ही दिवस तुम्ही पिशवी भरलेली लिहिलीत ना? मी हो म्हणालो. ‘तांत्रिक बिघाड’ असा सविस्तर खुलासा लिहायला घेतला होता, फाडून टाकला. फार लाज वाटली.

२० डिसेंबर
तिसरं नव्या आईकडून पोटभर खातंय. त्या घरट्याचं निरीक्षण आता सातुर्निनाकडे. मला सात नंबरचं दिलं. ते दोन वर्षं रिकामं आहे. योवानाबाई म्हणाल्या की तिथे तुमच्यासारखाच अनुभवी माणूस हवा. माझंही तेच मत होतं.

२२ डिसेंबर, संध्याकाळी
तीन दिवस डोळ्यांत तेल घालून बसलो. तारीखसुद्धा रोज तपासली. नोंद: घरटं रिकामं. एकही चूक नाही.
सातुर्निना मागून कपडे घेऊन चालली होती. जाता जाता तिने विचारलं, घरट्यातल्या भुशात ते अंडं कधीपासून आहे?