एक तास सतरा मिनिटं

३ मार्च २००८, सोमवार

पुन्हा बावन्न! खारबावच्या आमच्या दारापासून ठाण्याच्या हॉस्पिटलच्या दारापर्यंत, नुसत्या सरावाच्या फेरीला, बावन्न मिनिटं. फेब्रुवारीत पन्नासच्या खाली एकदाच आलो, तोही रविवार होता. आज अंजूरफाट्याला कंटेनर आडवा, आणि ड्रायव्हर खाली उतरून चहा पितोय! शिवी देऊन उपयोग नव्हता. दिली तरी.

गाडीचं काय काय करायचं ते लिहून काढलं म्हणजे डोकं जरा थंड होईल. एअर फिल्टर आणि एक्झॉस्ट झालेत. आता टर्बो, मग इंजिनाची ताकद वाढवणारी चिप, मग गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. ब्रेक शेवटी. टर्बो दुबईहून मागवायचा आहे. कुणी हे वाचलं तर म्हणेल, पोरगा शर्यतीला निघालाय. शर्यत आहेच, फक्त समोर कुणी दिसत नाही.

गाडी जपानी, दोन दारांची, लालभडक. गावात तिचं नाव ‘लाल बेडकी’. गोदामांना जागा दिल्या आणि तात्यांचा पोरगा बेडकी घेऊन आला, असं पारावर बोलतात. बोलू देत. दूध आणायला तीच, गोदामावर तीच, करिष्माला माहेरी सोडायला अंबाडीला तीच. रोज चालवली नाही तर वेळेला चालेल कशी?

आक्का गेली तेव्हा याच रस्त्याला एक तास सतरा मिनिटं लागली होती. तात्यांच्या वेळी लागणार नाहीत.

५ मार्च

अश्फाक उस्तादकडे गेलो, टेमघरला. भिवंडीत असल्या गाडीला हात लावू द्यावा असा हा एकच माणूस. यादी बघितली आणि उलटी धरली. म्हणाला, “प्रितेशभाई, यह रोज की गाड़ी है. ट्रॅक की नहीं. आप नीचे से पढ़ रहे हो. पहले रुकना, फिर भागना.” टर्बोवर बोट ठेवून म्हणाला, “जाम में खड़े-खड़े उबल जाएगी. फिर किसको ले जाओगे?”

शेवटचा प्रश्न त्याने सहज विचारला होता.

८ मार्च

ब्रेक बसले. पुढच्या डिस्क मोठ्या, पॅड नवे. नुसता पाय ठेवला तरी गाडी जागच्या जागी! उस्तादचं खरं होतं, पण त्याला तसं सांगितलं नाही.

१२ मार्च

स्प्रिंगा बसवल्या. गाडी दीड इंच खाली. वळणावर अशी चिकटते! टेमघर ते खारबाव गाणं म्हणत आलो — आणि गावाच्या तोंडाशी आवाज आला. पोटाखालून, खर्रर्र करून. स्पीडब्रेकर.

हा स्पीडब्रेकर सरकारचा नाही. आमचाच आहे. २००३ मध्ये रंगूबाईचा नातू शाळेत जाताना गोदामाच्या ट्रकखाली गेला. सहा वर्षांचा होता. दुसऱ्याच दिवशी आम्ही मंडळाच्या पोरांनी विटा, सिमेंट, डांबर आणून रस्त्यावर आडवा बांध घातला. परवानगी कोण मागतंय! सिमेंट मी कालवलं होतं. “अजून चढव, अजून चढव” असं ओरडणाराही मीच होतो. त्यानंतर तिथे कुणाचा जीव गेलेला नाही. ट्रकवाले त्याला ‘खारबाव का पहाड़’ म्हणतात.

आता बेडकी त्यावर अडकते. करिष्माला उतरवायचं, गाडी तिरकी घालायची, एकेक चाक चढवायचं. बाजूला रंगूबाई सुक्या बोंबलांची टोपली घेऊन बसलेली असते. बेडकीला उडी येईना म्हणून तोंडाला पदर लावून हसली. “जल्ला, आमच्या बकरीला पन कलतं उरी मारायची!”

१५ मार्च

एकोणपन्नास. त्यातली अडीच मिनिटं एकट्या स्पीडब्रेकरवर!

करिष्मा म्हणाली, “मग स्प्रिंगा काढ ना.” मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं. तिला कळतंय, म्हणून तर राग आला.

पण स्पीडब्रेकरच चार इंच तासला तर?

२२ मार्च, शिमगा

सकाळी होळीच्या राखेला नमस्कार करायला वाकले आणि तात्या तसेच खाली बसले. हात छातीवर. तोंड पांढरंफटक. जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलंय, हृदयाच्या नळीत अडथळा आहे, तपासणी लगेच करा. तेव्हा हे म्हणाले, शिमगा होऊ दे. आज शिमगा झाला, तर म्हणतात पाडवा होऊ दे!

मी गाडी काढली. दार उघडून उभा. म्हणाले, “त्या बेडकीत मी बसनार न्हाय.” दहा मिनिटांनी उठून चहा प्यायले. मी तासभर स्टिअरिंग धरून बसलो होतो.

बेडकी आणून दोन वर्षं झाली. एकदाही बसले नाहीत. का, ते सांगत नाहीत.

आज लिहूनच टाकतो. आक्का — आमची आई, सगळं गाव आक्का म्हणायचं म्हणून आम्हीही — ११ नोव्हेंबर २००५ ला सकाळी अंगणात कोसळली. मी आणि तात्यांनी उचलून जीपमध्ये ठेवलं. मी चालवत होतो. तात्या मागे, तिचं डोकं मांडीवर. एवढा रस्ता गेला, हा माणूस एकच वाक्य बोलला: “गारी हलू चालव, पोरा.” दोनदा. बायको मरणाच्या दारात आणि म्हणे हळू चालव! काल्हेरला जाम, कशेळीच्या पुलावर जाम. मी हॉर्नवरचा हात काढला नाही. हॉस्पिटलात एका पोरसवदा डॉक्टराने मान हलवली. म्हणाला, उशीर झाला.

त्या ‘हळू चालव’बद्दल मी तात्यांना अजून माफ केलेलं नाही. हे फक्त इथेच लिहू शकतो.

२७ मार्च

चिप टाकून आज पहिला दिवस. शेहेचाळीस!

आणि ते शेहेचाळीस फेकून द्यावेसे वाटतायत. काल्हेरला टेम्पोला ओव्हरटेक करत होतो. टेम्पोच्या पुढून एक मुलगी निघाली. निळा फ्रॉक, हातात पाण्याची बाटली. पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली तेव्हा बाटली बॉनेटवर होती आणि मुलगी हातभर लांब. रडलीसुद्धा नाही. बाटली उचलली आणि गेली.

मी गाडी बाजूला घेतली आणि ओकलो. जुने ब्रेक असते तर... लिहीत नाही. उस्तादला फोन करून थँक्यू म्हटलं. त्याला वाटलं मी मस्करी करतोय.

२८ मार्च

काल जे झालं त्यावरून शहाणं व्हायला हवं होतं. उलट वाटतंय, रस्त्यात अडीच मिनिटं हातची असती तर तिथे ओव्हरटेक करावंच लागलं नसतं. स्पीडब्रेकर कमी करायचाच. पाडवा झाला की सोमवारी सकाळी.

३० मार्च

रंगूबाईला आधी सांगणं बरं, म्हणून गेलो. म्हटलं, मावशी, पूर्ण काढत नाही, चार इंचच तासतोय. तात्यांसाठी. ती बोंबील निवडत राहिली. मग म्हणाली, “तोर. बांधलास तूच, तोर पन तूच. फक्त दिस सांग. त्या दिशी मी टोपली घेऊन त्याच्यावरच बसतंय.”

मी दिवस सांगितला नाही.

२ एप्रिल

तात्या जिना चढताना मध्येच थांबले. मला बघून चप्पल शोधायचं नाटक केलं. चप्पल पायातच होती!

६ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. बेडकीला करिष्माने हार घातला, मी नारळ फोडला. ठेकेदाराने काँक्रीट फोडायचं मशीन संध्याकाळी ओट्यावर आणून टाकलं. तात्या झोपाळ्यावरून बघत होते.

“ह्ये कशाला?”

“काम आहे उद्या.”

“कसला?”

मी खराटा उचलला. अंगणभर गुलमोहराचा कचरा पडला होता, तोच झाडत बसलो.

७ एप्रिल, सोमवार

सहाला पोचलो. दोन कामगार, मशीन, जनरेटर. रंगूबाई आधीच बसलेली! स्पीडब्रेकरच्या मधोमध, टोपली मांडीवर. तिला कुणी सांगितलं देव जाणे. करिष्माच असणार.

दोन्ही बाजूंना ट्रक थांबले. हॉर्न सुरू. मी हात जोडले. मग आवाज चढवला. मग बोलू नये ते बोललो: “तुमचा नातू गेला तो गेला! माझा बाप अजून जिवंत आहे, तो जाऊ देऊ का?”

रंगूबाई रडली नाही, भांडली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली, मी लहान असताना बघायची तशी. कामगारांनी मशीन खाली ठेवलं.

तेवढ्यात तात्या आले. घरापासून चालत! बंडी, टोपी, हातात डॉक्टरांच्या कागदांची पिशवी. वाटेत दोनदा थांबले असणार, धाप लागली होती. रंगूबाईपुढे उभे राहून म्हणाले, “याला माफ कर गो.” मग माझ्याकडे वळले.

“गारी खोल.”

“कुठे जायचंय?”

“ठान्याला. तपासनी करायची ना तुला? चल.”

बेडकीत बसायला त्यांना दोन मिनिटं लागली. गुडघे छातीशी, टोपी छताला. रंगूबाई उठून बाजूला झाली. मी गाडी तिरकी घालून चढवली, खर्रर्र झालं, उतरलो. पहिला गिअर, दुसरा, तिसरा — आणि हात माझ्या मनगटावर आला.

“हलू चालव, पोरा.”

चालवली हळू. मध्ये ते बोलले. काय बोलले ते आज लिहवत नाही. घड्याळ बघायचं राहिलं.

८ एप्रिल

तात्यांना ठेवून घेतलंय. उद्या सकाळी तपासणी. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

करिष्मा डबा घेऊन आली. उस्तादचा फोन — दुबईचा माणूस टर्बो पाठवू का विचारतोय. नंतर सांगतो म्हटलं.

९ एप्रिल

तपासणी झाली. दोन अडथळे, काढता येतील. झोपलेत.

आता लिहितो. कशेळीचा पूल चढताना बोलले, समोर बघत:

“आक्का ठान्याला न्हाय गेली, पोरा. अंगनातना उचलून जीपमदी ठेवली ना, तवाच गेली होती. मना कललं होतं. पन तू चालवत होतास. तुला कसा सांगू? म्हनून बोललो, हलू चालव. ती तर गेलीच होती. तुला घरी न्यायचा होता.”

तिचं डोकं मांडीवर घेऊन ते मागे बसले होते. आणि पुढे मी एक तास सतरा मिनिटं हॉर्न वाजवत होतो.