वाउटरचं तोंड मिटेपर्यंत

बिबवेवाडी, पुणे
मंगळवार

ती. विमलावन्सं,

तुमच्या धाकट्या भावजयीचा, म्हणजे सत्यशीलेचा, नमस्कार. तुमचं ब्लडप्रेशर, भावोजींचा खोकला आणि कराडची हवा ही तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालते. मी बरी आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर फोनवर मी विषयाला हात घालायच्या आत तुम्ही "बरं ठेवते, कुकर लावलाय" म्हणता. पत्राला ती सोय नाही.

तुमचे बंधू गेल्यावर वरची खोली मी भाड्याने दिली हे तुम्हाला माहीत आहे. कोणाला दिली ते माहीत नाही, कारण मी सांगितलं नव्हतं. वाउटर नावाचा एक डच इंजिनिअर आहे. वय चौतीस, उंची साडेसहा फूट (आपल्या दाराची चौकट सहा फूट, म्हणून रोज एकदा "टक्" असा आवाज येतो आणि तो आला हे मला कळतं). चाकणच्या एका कंपनीत दोन वर्षांसाठी आलाय. स्वभावाने गरीब, भाडं एक तारखेला, बूट बाहेर. नावाचा तेवढा घोळ आहे. सोसायटीतले सगळे त्याला "वॉटर" म्हणतात. मी गॅलरीतून त्याला हाक मारली की खाली वॉचमन पाण्याची मोटर चालू करतो.

तर गेल्याच्या गेल्या रविवारी सकाळी मी त्याला डिंकाचा लाडू दिला. थंडीचे म्हणून केले होते. पाक जरा पुढे गेला होता, हे मी मान्य करते (तुम्हाला पत्रात मान्य करते, समोर केलं नसतं). आपण असा लाडू आधी वरवंट्याने फोडून घेतो. त्याच्या देशात वरवंटा नसावा. त्याने मोठ्ठा आ केला, अख्खा लाडू दाढांखाली धरला आणि जोर लावला. "कट्" असं काहीतरी वाजलं, लाडू बशीत पडला आणि वाउटर तसाच आ वासून माझ्याकडे बघत राहिला.

मला वाटलं, चवीने थक्क झाला. खोटं कशाला सांगू, मी चांगली दोन मिनिटं कौतुकाची वाट बघत उभी होते. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेही मी आनंदाश्रू समजले. शेवटी त्याने दोन्ही हातांनी आपला जबडा धरून हलवून दाखवला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तोंड उघडलंय ते मिटतच नाहीये. लाडूला मात्र चरासुद्धा पडला नव्हता.

खालच्या मजल्यावरचा शाहिद रिक्षा पुसत होता. तो म्हणाला, "काकू, सरळ सरकारी दवाखान्यात नेऊ. माझ्या मेव्हण्याचा खांदा तिथेच बसवला." मी त्याला झापलं. परक्या मुलखातलं पोर, माझ्या लाडवाने जखमी झालेलं, त्याला सरकारी रांगेत उभं करायचं? त्याची आई काय म्हणेल? म्हणून मी त्याला त्या नव्या काचेच्या खासगी इस्पितळात न्यायला लावलं. (नाव लिहीत नाही. पुढचं वाचलंत की का ते कळेल.) रिक्षात वाउटर गळ्याला माझा टॉवेल बांधून, मान बाहेर काढून बसला होता. प्रत्येक सिग्नलला लोक त्याच्या तोंडात डोकावून बघत होते. एका भल्या गृहस्थाने "जांभई अडकली का?" असं विचारलंसुद्धा.

खासगी इस्पितळात परदेशी पेशंटसाठी वेगळं दालन आहे. आत गेल्यागेल्या आमच्या हातात गुलाबाचं फूल आणि त्याच्या हातात नारळपाणी. नळी घालून! ज्याला ओठ मिटता येत नाहीत त्याला नळी. सगळं नारळपाणी टॉवेलने प्यायलं. मग तेजस्विनी नावाची एक गोड मुलगी आली. काळा कोट, हातात टॅब. तिने खर्चाचा अंदाज दाखवला. एक लाख नव्वद हजार. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं, तरी तेवढेच. त्यात दोन दिवसांची खोली, डोक्यापासून गळ्यापर्यंत सगळे स्कॅन, अरबी दुभाष्या आणि विमानतळावरून आणायला गाडी. मी म्हटलं, "अगं बाई, हा बिबवेवाडीहून आलाय, आणि त्याला अरबी येत नाही." ती म्हणाली, "मॅडम, पॅकेज आहे. त्यातलं काढता येत नाही." आपल्या माणसाला याचेच किती, म्हणून विचारलं, तर चाळीस हजार. जबडा तोच, हाडं तितकीच, पासपोर्टचे दीड लाख जास्त!

आणि इथे मजा झाली. तेजस्विनीने वाउटरकडे पाहिलं. तो बिचारा आ वासून, डोळे विस्फारून तिच्याकडे बघतोय. तिला वाटलं, आकडा ऐकून असा झालाय हा. ती घाईघाईने म्हणाली, "सरांना जास्त वाटत असेल तर दहा टक्के कमी करू." वाउटर आ वासूनच. "पंधरा." आ. ती आत जाऊन साहेबांना विचारून आली. "वीस. आणि दुभाष्या फुकट." वन्सं, तुम्ही माझ्यावर रागवाल, पण आकडा कुठवर खाली येतो ते बघायला म्हणून मी त्याला आणखी पाच मिनिटं तसंच बसवून ठेवलं. पंचवीसवर गाडी थांबली. मग त्याने माझी बाही ओढली आणि मला माझीच लाज वाटली.

त्याचा विमा आहे, त्याच्या देशातल्या कंपनीचा. तिथे फोन लावला. पलीकडची बाई फारच सभ्य होती. ती म्हणाली, पेशंटने स्वतःच्या आवाजात नाव आणि जन्मतारीख सांगितल्याशिवाय पुढे काही होणार नाही. मी फोन त्याच्या तोंडाशी धरला. "आ," वाउटर म्हणाला. तिने पुन्हा विचारलं. "आ, आ आ." ती म्हणाली, माफ करा, ही तारीख आमच्या नोंदीशी जुळत नाही. आणि फोन ठेवला.

आधी डिपॉझिट, मग डॉक्टर, असं झालं तेव्हा मी पिशवीतून पासबुक काढलं. माझा लाडू, तर खर्चही माझाच, दुसरं काय करणार? तेवढ्यात तेजस्विनी पाणी देण्याच्या निमित्ताने वाकली आणि हळूच म्हणाली, "काकू, माझ्या आजोबांचं असंच झालं होतं. हे नुसत्या हाताने बसतं, दोन मिनिटांत. सरकारीत जा. मी सांगितलं म्हणू नका." (म्हणून आडनाव लिहीत नाही.)

शाहिद बाहेर रिक्षातच बसला होता. फक्त मीटर टाकताना हसला.

सरकारी इस्पितळात खिडकीवरच्या माणसाने वर न बघता नाव विचारलं. मी म्हटलं, "वॉटर." तो म्हणाला, "कूलर जिन्याखाली आहे." मग आधार कार्ड. म्हटलं, नाही हो, पासपोर्ट आहे. तेव्हा त्याने मान वर केली, तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "यांना म्हणावं, तक्रार आत करा, इथे ओरडू नका." तरी दहा रुपयांत केसपेपर मिळाला. पुढे रांग, साधारण आपल्या गल्लीच्या तोंडापासून मारुतीपर्यंत. पायाला प्लॅस्टर घातलेले एक आजोबा म्हणाले, परदेशी पाहुणा आहे, पुढे जाऊ द्या. त्यांच्यामागची बाई म्हणाली, "का? त्याचं तोंड उघडं म्हणून तो पुढे, आणि मी गप्प बसते म्हणून मी मागे?" बाईचं चुकत नव्हतं. आम्ही पावणेदोन तास उभे राहिलो. वाउटरने मात्र तेवढ्यात आजोबांना बाकापर्यंत धरून नेलं आणि त्या बाईचं बाळ खांद्यावर घेऊन उभा राहिला. ते बाळ त्याच्या तोंडात बघून इतकं हसत होतं की रांगेतल्या निम्म्या लोकांचं दुखणं हलकं झालं असेल.

आत डॉक्टर उत्कर्षा म्हणून एक शिकाऊ मुलगी होती. उंचीने माझ्या खांद्याला, डोळे लाल. आदल्या दिवसापासून उभीच होती म्हणे. "कशाने झालं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "जांभई दिली." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. "खरं सांगा. दाढेला खसखस चिकटलीये." मग सगळ्या वॉर्डासमोर मला कबूल करावं लागलं. मागून कोणीतरी "पाक पुढे गेला असेल" म्हणालं, ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गॉज संपला होता, तो शाहिदने समोरच्या दुकानातून चाळीस रुपयांना आणला. तिने वाउटरला चक्क जमिनीवर बसवलं, आपल्या अंगठ्यांना गॉज गुंडाळला, त्याच्या दाढांवर ठेवला आणि "श्वास सोडा" म्हणत खाली दाबलं. मी डोळे मिटून घेतले. त्याचा हात मी कधी धरला मला आठवत नाही, पण पुढे दोन दिवस त्याच्या मनगटावर माझ्या बांगड्यांचे वळ होते.

"खट्". तोंड मिटलं.

त्याने हनुवटी चाचपून बघितली. मग डॉक्टरकडे बघून अगदी सावकाश, शुद्ध मराठीत म्हणाला, "तुम्ही जेवलात का?" मराठीतलं तेवढं एकच वाक्य मी त्याला आजवर धड शिकवलंय, तो तरी दुसरं काय बोलणार? पण त्या पोरीचा गॉज सोडणारा हात थांबला. म्हणाली, "नाही. कालपासून कोणी विचारलंच नाही." आणि हसत हसत डोळे पुसून तिने पुढच्या पेशंटला हाक मारली. शाहिदने खालून वडापाव आणून तिच्या टेबलावर ठेवला.

एकूण खर्च पन्नास रुपये. (शाहिदने रिक्षाचे घेतले नाहीत, वडापावचेही नाहीत.) वाउटरला ते पटेना. जबडा पुन्हा निसटू नये म्हणून डॉक्टरने हनुवटीपासून डोक्यापर्यंत पट्टी बांधलेला तो माणूस खिडकीवर जाऊन अर्धा तास भांडत होता, की उरलेलं बिल कुठे आहे, मला ते भरायचंय. खिडकीवरचा म्हणाला, "अहो, घ्यायला रकानाच नाही," आणि जेवणाची सुट्टी म्हणून खिडकी लावून घेतली.

तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतेय, खासगी म्हणजे लूट, सरकारीत माणसं आहेत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय पाण्याच्या टाकीचा होता, तरी मी हेच बोलले. वाउटर बरा आहे, पेज आणि मऊ भातावर आहे. भावोजींना नमस्कार सांगा. इथे थांबते, पोस्ट चार वाजता बंद होतं.

आपली,
सत्यशीला

ता. क. – माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, येत्या बारा तारखेला. त्याच काचेच्या इस्पितळात. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण सरकारीत माझा नंबर पुढच्या दिवाळीनंतर लागतोय आणि तोवर मला जिना चढवणार नाही. शिवाय तिथे पेशंटच्या सोबतीला बसणाऱ्याला स्वतंत्र पलंग मिळतो.

ता. क. दुसरा – त्या पलंगावर कोण, हाच प्रश्न आहे. वाउटर सुट्टी काढतो म्हणाला, पण पलंग सहा फुटी आहे. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटते. हे वरच लिहिलं असतं तर तुम्ही लगेच फोन केला असतात, मी रडले असते आणि तुमचा कुकर झाला असता. अकरा तारखेच्या सकाळच्या एसटीने या. स्वारगेटला वाउटर घ्यायला येईल, ओळखायला अडचण पडणार नाही.

ता. क. तिसरा – "जवळचे नातेवाईक" या रकान्यात मी तुमचं नाव घालून टाकलंय, तेही पेनाने. खाडाखोड चालत नाही म्हणतात.