पापणीचा केस

१२ नोव्हेंबर, रविवार

प्रिय टिटवे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. एरवी तुझ्या पत्राची घडी पुन्हा घालायच्या आत माझं उत्तर सुरू झालेलं असतं, त्यामुळे तू काळजीत असशील. इकडे तसं सगळं ठीक आहे. सून पुन्हा कामावर जायला लागली. जिन्यातला दिवा आठवडाभर बंद होता, तो काल एकदाचा लागला. निवृत्त होऊनही बसमध्ये समोरच्याच्या शर्टाची उसवलेली शिवण दिसली की तुझे हात शिवशिवतात, हे वाचून मी एकटीच हसले. तीस वर्षं कापडातले दोष शोधलेस, आता लोकांना निदान बसमध्ये तरी सुखाने बसू दे.

बाबा अंथरुणालाच आहेत. पेज घेतात, दोन-तीन चमचे. सकाळी बोलणं स्वच्छ असतं, दुपारनंतर शब्द घसरतात. डॉक्टर म्हणाले, आता महिने मोजू नका.

तू विचारलंस, ‘मामांना भेटायला येऊ का?’ आणि एका पत्रात चारदा विचारलंस. तुझी आई गेल्यावर नऊ वर्षांची तू आमच्या घरी आलीस आणि सात वर्षं राहिलीस. मामाच्या घरी यायला तुला परवानगी कसली लागते? उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द मला तीन आठवडे लिहिता आला नाही, आणि आता लिहायला बसले तर तुला जिन्यातल्या दिव्याच्या गोष्टी सांगते आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी खोड तुला नवी नाही.

तर सांगते. दोन महिन्यांपूर्वी डोळे तपासायला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी एकेक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावली आणि विचारलं, उजवा डोळा आळशी आहे हे तुम्हाला कधीच कळलं नाही? लहानपणापासूनच तो जवळजवळ कामाचा नाही म्हणे. सगळं काम डावा करतो, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. एकाच डोळ्याने बघायची वेळ आली तरच कळतं. मी त्यांची फी दिली, खाली आले आणि रस्त्यापलीकडच्या बाकावर अर्धा तास बसून राहिले.

शाळेत मायक्रोस्कोपला मी उजवा डोळा लावत होते, टिटवे. वर्षभर. उजव्या हाताचं माणूस, उजवाच डोळा पुढे करणार. सगळ्या मुली ‘अय्या, दिसलं’ म्हणत होत्या आणि मला राखेसारखं धुकं दिसत होतं. पहिल्या दिवशी लाज वाटली म्हणून बोलले नाही. दुसऱ्या प्रॅक्टिकलला वाटलं, आता सांगितलं तर पहिल्या दिवशी का नाही बोललीस म्हणतील. महिन्याभराने तर सांगायची सोयच उरली नाही. तुला तेवढं सांगितलं, तेही तुझ्याकडून शपथ घेऊन.

मग आपली युक्ती. दोघींत एक मायक्रोस्कोप. कांद्याचा पापुद्रा सुईने सोडवायचा, आयोडिनचा थेंब, वरची काच तिरकी धरून अलगद सोडायची, हे सगळं मी करायची. बघायचीस तू. आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी डोळे मिटून सांगायचीस. ‘लांबट खोल्या आहेत, भिंतीला भिंत लागून. प्रत्येक खोलीत एक जण भिंतीला टेकून झोपलाय.’ त्या झोपलेल्याला केंद्रक म्हणायचं, हे पुस्तकात होतं. पण तो नेमका कुठे टेकलाय, कुठल्या खोलीची भिंत वाकलीय, कुठे हवेचा बुडबुडा काळ्या कडेचा, ते तू सांगायचीस आणि मी काढायची. तुझी स्वतःची आकृती मात्र पाहवत नसे. तुझ्या पेशी म्हणजे पोत्यात भरलेले बटाटे. बाई वर्गात माझं जर्नल उंच धरून दाखवायच्या. म्हणायच्या, पाहाल तेच काढा, हिच्यासारखं. मी मान खाली घालून हसायची.

चहा ठेवायला उठते. बाबा हाक मारताहेत.

१५ नोव्हेंबर, बुधवार

पत्र तीन दिवस तसंच पडलं होतं. पुढचं तुला माहीतच आहे. तरी लिहिते, कारण ते मी आजवर स्वतःच्या तोंडाने कधी बोललेले नाही.

त्या आठवड्यात तू म्हणालीस, तीन खोल्यांवरून एक काळी कमान गेली आहे. मी काढली. तूही काढलीस. दोघींनी बाजूला नाव लिहिलं, ‘धागा’. बाईंनी आधी तुझं जर्नल पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. वेडाबाई, हा तुझ्याच पापणीचा केस आहे, म्हणाल्या. मग माझं जर्नल उघडलं आणि त्यांचं हसू गेलं. तोच केस, त्याच तीन पेशींवर. ‘पापणी ज्याची त्यालाच दिसते,’ त्या म्हणाल्या. ‘दोघींना एकच पापणी कशी दिसली? कोणी कोणाचं उतरवलं?’

तू माझ्याकडे पाहिलंस. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. तू शपथेला जागलीस. मी कशाला जागले, ते मला अजून सांगता येत नाही.

नक्कल करणारीला विज्ञानाच्या वर्गातून काढायचं, हा मुख्याध्यापकांचा नियम. बाईंचा संशय अर्थातच बटाटेवालीवर. पण आपण दोघीही काही बोललो नाही, तेव्हा त्यांनी घरी कागद पाठवला. पालकांनी विचारून नाव लिहावं आणि सही करावी. दोघींचे पालक एकच. बाबा तुला मागच्या गॅलरीत घेऊन गेले, दार लोटून घेतलं. मी आईजवळ स्वयंपाकघरात उभी होते आणि मला वाटत होतं, ते तुला रागावताहेत. तू आत आलीस, हात धुतलेस आणि जेवायला बसलीस. कागदावर तुझं नाव गेलं. आठ दिवसांत तू तुझ्या वडिलांच्या दुसऱ्या संसारात परत, आणि तिथून सतराव्या वर्षी कापडाच्या कारखान्यात. मी शिकत राहिले. मग जीवशास्त्राच्या पुस्तकांतल्या आकृत्या काढायला लागले, आणि त्यातच माझं नाव झालं. त्या जर्नलनंतरच्या अडतीस वर्षांत पेशी म्हणून मी जे काही काढलं, ते सगळं फोटोंवरून आणि दुसऱ्यांच्या चित्रांवरून. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या किती, पण मुलं अजून माझ्याच पेशी वहीत उतरवून घेतात.

या सगळ्या वर्षांत मी अशी समजूत करून घेतली होती की बाबांचा खरंच तुझ्यावर संशय होता. म्हणजे चूक माझी, आणि बाबा फसलेले. त्यातल्या त्यात ती समजूत सोपी होती.

डॉक्टरीणबाईंनंतर मला राहवेना. ज्यांच्या पुस्तकाचं काम सध्या चालू आहे ते प्राध्यापक भले आहेत. त्यांना म्हटलं, मला तुमच्या प्रयोगशाळेत कांद्याचा पापुद्रा बघायचाय. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. तरी त्यांनी स्लाइड करू दिली. बुडबुडा येऊ दिला नाही. आणि मग डावा डोळा लावला.

टिटवे, तू सांगितलं होतंस तसंच होतं सगळं. भिंतीला भिंत, आणि एकेक जण टेकून झोपलेला. सोळाव्या वर्षी तू डोळे मिटून बोलत होतीस, त्यातला एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मला रडू आवरेना. प्राध्यापक बिचारे पाणी घेऊन धावले, त्यांना वाटलं आयोडिन डोळ्यात गेलं.

त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं, ‘येऊ का?’ मी ठरवलं, तू यायच्या आधी बाबांना खरं सांगायचं. तू या घरात यावंस ती नक्कल करणारी म्हणून नव्हे. पण रोज सकाळी त्यांच्या खाटेशी बसायची आणि पेज भरवून उठायची. असे तीन आठवडे गेले. परवा, सोमवारी, बोलले. धुक्यापासून पापणीपर्यंत सगळं सांगितलं. ते छताकडे बघत ऐकत होते.

म्हणाले, ‘मला तेव्हाच ठाऊक होतं गं. रोज संध्याकाळी टेबलाशी बघत होतो. ती सांगायची, तू काढायचीस.’

मी विचारलं, मग तिचं नाव का लिहिलंत?

‘एकीचंच लिहायचं होतं. तू माझी होतीस.’

मी त्यांना पाणी पाजलं.  पेला खाली ठेवला तसे ते पुन्हा बोलले.

‘तिला विचारून लिहिलं. ती म्हणाली, लिहा मामा. फक्त तुम्हाला खरं ठाऊक आहे हे हिला कळू देऊ नका, कळलं तर हिचा हात थांबेल.’

त्या घरात तुम्हा दोघांना माहीत होतं. मला एकटीला नव्हतं. तू दर वर्षी पत्रं लिहीत राहिलीस, नव्या पुस्तकातल्या माझ्या आकृत्या मागवत राहिलीस, आणि मी मनात म्हणत राहिले की बरं झालं, ही विसरली. मला तुझा राग आला आहे, टिटवे. खरंच आला आहे. सोळा वर्षांच्या पोरीला कोणी सांगितलं होतं एवढं मोठं व्हायला? सांगून टाकलं असतंस तर मी वेळेत रडले असते, वेळेत माफी मागितली असती. आता कोणत्या तोंडाने मागू? मागते तरी. मला माफ कर. आणि केली नाहीस तरी ये.

हात मात्र तू म्हणालीस तसा थांबलाच. प्राध्यापकांच्या नऊ आकृत्या टेबलावर अर्ध्या पडल्या आहेत. पेन्सिल उचलते आणि ठेवते.

आज सकाळी एक केलं. कोऱ्या कागदावर लिहिलं: ‘आकृतीची नक्कल माझ्या मुलीने केली. माझ्या भाचीने केली नाही.’ पाटीवर धरून बाबांपुढे केला. त्यांनी वाचला, दोनदा वाचला. मी हाताखाली उशी दिली. सही करायला पाच मिनिटं लागली, अक्षरं उताराला लागली आहेत, पण सही त्यांचीच आहे. मग त्यांनी विचारलं, ‘तारीख कुठली घालू?’

मी म्हटलं, आजचीच घाला.

हा कागद कोणाला द्यायचा, मला माहीत नाही. बाई गेल्या, मुख्याध्यापक गेले. म्हणून तुलाच पाठवते. सोबत आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने ये, मी उतरवून घ्यायला येते. उशीर करू नकोस.

जिचं नाव अडतीस वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं, ती
तुझी मामेबहीण