माजघरातली फळी रिकामी केली, त्याबद्दल

प्रिय इंदू,

माजघरातली तुझी फळी मी आज रिकामी केली. तुझे दोन्ही लाउडस्पीकर खाली उतरवले. ही बातमी दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी माझ्याकडून जावी, म्हणून लिहायला बसलोय. रागावणार असशील तर रागाव, पण सगळं वाचून मग. अर्ध्या वाक्यावर पदर खोचायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

ते घरात कसे आले, हे तुला सांगायला नको. पण मला आठवायला बरं वाटतं. सत्तेचाळीस साली, स्वातंत्र्याच्या दिवशी, आपल्या ओटीवर बॅटरीच्या रेडिओभोवती अर्धं थळ गाव जमलं होतं. भाषणं चालली होती, मधल्या वेळात मी शाळेतली वीररसाची कवनं म्हणून घेत होतो, आणि तू आतून चहा पाठवत होतीस. सगळे पांगल्यावर दारात येऊन म्हणालीस, "देश स्वतंत्र झाला म्हणतात. माजघराला कधी कळवणार आहात?"

मी ते हसण्यावारी नेलं. तू नेलं नाहीस.

तुझा भाऊ तेव्हा एका फिरत्या तंबू सिनेमात मशीन चालवायचा. तंबू गुंडाळला गेला, तेव्हा तिथले दोन जुने लाउडस्पीकर रेवसच्या लाँचमधून तो तुझ्यासाठी घेऊन आला. लाकडी खोकी, एकेक आपल्या देवघराएवढं. भिंतीवर फळी तूच ठोकलीस. ओटीवरच्या रेडिओची तार खिडकीच्या फटीतून आत तूच आणलीस. एका खोक्याचं तोंड स्वयंपाकघराकडे, दुसऱ्याचं मागच्या पडवीकडे. मी फक्त स्टूल धरलं होतं, आणि तेही धड नाही.

"कविता म्हणत स्टूल धरू नका हो," तू वरून म्हणालीस, "चरण संपला की तुमचा हात सुटतो."

मग शेजारणी तांदळाची सुपं घेऊन आपल्या पडवीत निवडायला येऊ लागल्या. आठवतं? हात सुपात, कान भिंतीकडे. ओटीवर आम्ही बातम्यांवर वाद घालायचो आणि तुम्हाला त्या आमच्याआधी समजलेल्या असायच्या.

तू गेल्यावरही ती खोकी बोलत राहिली. स्वयंपाकघरात ऐकणारं कुणी नव्हतं, तरी मी तार काढली नाही. आवाज तिकडे जातोय म्हणजे तू तिकडे कुठंतरी आहेस, असं वाटायचं. वेडेपणा म्हण हवं तर. तू माझ्या कवितांनाही तेच म्हणायचीस.

यंदा आपल्या वसंताची बायको, नलू, डोहाळजेवणासाठी इथं आली होती. वसंताची मुंबईतली खोली एवढीशी. म्हणून माहेरी बाळंत झाली की बाळाला घेऊन थोडे महिने इकडे वाडीवर राहायचं, असं ठरत होतं. केसांत सुरंगीचा गजरा माळून ती माजघरात बसली होती. बसल्याबसल्या तिनं वर पाहिलं. आधी तुळईतल्या कड्या, मग त्यांच्या शेजारची तुझी फळी.

"मामंजी, पाळणा इथंच टांगायचा ना?"

"मग? वसंता इथंच झोपला. घरात कड्या इथंच आहेत."

"आणि ही धुडं वरून खाली आली तर?"

"इतकी वर्षं नाही आली."

"इतकी वर्षं खाली कुणी झोपलेलं नव्हतं," ती म्हणाली.

इंदू, खरं होतं ते. वसंताचा पाळणा सुटल्यावर कितीतरी वर्षांनी ही खोकी आली. नलू पुढे हसत म्हणाली, "हलवा बाई ती, नाहीतर मी माहेरीच राहते." हसत म्हणाली, पण हात पोटावर होता.

दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून मी फळी जरा ओढून पाहिली. एक खिळा हातात आला, तोही अर्धाच. उरलेल्याचा तांबडा भुगा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं आतून सगळं खाल्लं होतं. तू असतीस तर तुला केव्हाच दिसलं असतं. असं सगळं बघायचं माझ्यावर सोडून कशी गेलीस?

पण तुझी जागा सोडायची नाही, हे मी मनात पक्कं केलं. खोकी उतरवायची, नव्यासारखी करायची आणि परत तिथंच अशी बसवायची की नलूनं स्वतः म्हणावं, राहू देत.

पहिलं भांडण तुझ्याशीच झालं. खिडक्यांचा उरलेला हिरवा रंग तू या खोक्यांना फासलास, तो का? कविता म्हणत काचकागदानं घासत बसलो. भुजंगप्रयातात हात छान चालतो, शार्दूलविक्रीडितात दमायला होतं. हिरव्याखाली कथ्थई निघाला, त्याच्याखाली अस्सल साग! मधाच्या रंगाचा, उभ्या रेषांचा. इतकी वर्षं तू आणि मी सागाला हिरव्या शर्टात कोंडून ठेवलं होतं. मागच्या बाजूचा हातभर हिरवा मात्र मी घासला नाही. तो भिंतीकडे असतो, कुणाला दिसत नाही.

आता या लाकडाला लावायचं काय? तेवढ्यात आपला पांडू तांडेल ताजे बोंबील दुसऱ्या घरी पोचवून ओटीवर टेकायला आला.

"मास्तर, होडीला लावताव तेच त्याल लावा. समिंदरात कुजत न्हाय, तर तुमच्या माजघरात काय कुजल?"

मला ते पटलं. त्यानं डबा आणून दिला, मी दोन्ही खोकी झकास माखली. कसलं तेल ते विचारलंच नाही. मोरी माशाच्या काळजाचं तेल, इंदू! आपल्या घरात, जिथं अंडंसुद्धा कधी उंबरा ओलांडून आलं नाही. संध्याकाळपर्यंत आळीतली झाडून सगळी मांजरं पडवीत. एक तर खोक्यावर चढून गाल घासत होती. शेजारच्या काकू नाकाला पदर लावून विचारून गेल्या, "मास्तर, वहिनी गेल्यावर सुरू केलंत की काय?"

पांडूला बोलावून दाखवलं, तर म्हणतो, "वास येतो व्हय? मला तं न्हाय येत."

धुण्याच्या सोड्यानं खोकी धुतली, उन्हात ठेवली, परत घासली, परत धुतली. मांजरांची आशा सुटली तेव्हा अलिबागेहून चपडा लाख आणली. स्पिरिटात विरघळवली आणि जुन्या धोतराच्या बोळ्यानं हात देत गेलो. एक हात वाळला की दुसरा. घाई केली की लाकूड रुसतं, पांढुरकं पडतं. तुझ्याशी संसार केलेल्या माणसाला हे नवं नव्हतं. पुढचं कापड विटलं होतं. तिथं तुझ्या निळ्या पातळाचा विरळ झालेला पदर ताणून बसवला. आवाज त्यातून मोकळा येतो.

मग फळी. चिऱ्याच्या भिंतीत छिन्नीनं खोल भोकं पाडली, त्यांत सागाच्या खुंट्या ठोकल्या आणि खुंट्यांत पितळी स्क्रू, गंजायचं नाव नको. खाली लोखंडी कोन, त्यांना दुहेरी रंग. पुढच्या कडेला पट्टी, खोकं सरकू नये म्हणून. बुडाखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे, आवाजानं थरथरू नये म्हणून. फळीच्या खालून स्क्रू खोक्यात नेले आणि पाठीमागून एकेक पट्टी भिंतीला आवळली. खोकी चढवण्याआधी पांडूला म्हटलं, लोंबकळ. तो लोंबकळला. त्याचं वजन तुला ठाऊकच आहे. फळी हूं की चूं करेना.

"मास्तर," तो हवेतूनच म्हणाला, "आता ह्या फळीवर घर टांगा."

नलूला भरवसा वाटावा म्हणून मी रोज दुपारी त्या फळीखालीच सतरंजी टाकून आडवा व्हायला लागलो. झोप छान लागायची. वसंताला कळवलंसुद्धा की त्याचा बाप अजून शाबूत आहे.

परवा नलू आली. आपल्याला नात झालीय, इंदू. नलूनं आधी बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि मग फळीला दोन्ही हातांनी धरून चांगले हिसके दिले. खालून पाहिलं, बाजूनं पाहिलं, पितळी स्क्रूवर नख वाजवलं. निळा पदर तिनं लगेच ओळखला. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "राहू देत, मामंजी. आईंची जागा आहे ती."

मी जिंकलो होतो.

आज सकाळी पाळणा टांगला. बाळ निजलं. रेडिओवर कसलीशी सनई चालली होती, फळीला कंप नव्हता. नलूनं दोरी माझ्या हातात दिली आणि ती जेवायला गेली. पाळणा जायचा, यायचा. प्रत्येक खेपेला ते इवलंसं डोकं तुझ्या खोक्याखालून जायचं. जाताना माझा श्वास अडकायचा, परतताना सुटायचा. ज्या फळीखाली मी बिनघोर घोरलो, जिला पांडू लोंबकळला, तिच्यावरची माझी नजर हटेना. बाळाचा चेहरा मी पाहिलाच नाही.

मी पेचकस मागितला.

"आता काय झालं?" नलू उष्ट्या हातानं धावत आली. "हललं का काही?"

"काही हललं नाही."

"मग? मी म्हटलंय ना, राहू देत?"

"मला नातीकडे बघत बसायचंय, नलू. वर बघत बसायचं नाही."

ती आत गेली. हात धुऊन आली आणि स्टूल धरलं. तिनं नीट धरलं.

आता खोकी ओटीच्या भिंतीवर आहेत, तशाच कोनांच्या नव्या जोडीवर, तशीच आवळून. पण मग तुझं माजघर पुन्हा मुकं झालं असतं, ते मला चाललं नसतं. म्हणून रेडिओ आत नेला. नलूच्या हाताशी, बुटक्या टेबलावर. बटण आत, आवाज आत, आणि बाहेर ओटीवर आम्ही बाप्ये, आतून जे येईल ते ऐकणारे.

संध्याकाळी मंडळी बातम्यांना जमली, तर खोक्यांतून तान्ह्या बाळाला तेल कसं चोळावं ते चाललेलं.

"मास्तर, बातम्या लावा की," पांडू म्हणाला.

"आत विचार."

"आत कोन हाय?"

"आमच्या सूनबाई."

पांडूनं मांडी घातली. सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "खोबऱ्याचंच बरं."

तुझ्या रिकाम्या फळीवर नलूनं झबली, टोपडी आणि दुपटी घड्या करून ठेवलीत. पांडूला पेलणारी फळी आता एवढंच पेलते. वारा आला की एखादं टोपडं खाली पाळण्यात पडतं.

एक वचन देतो, इंदू. ओटीवर बसून आत हाक मारून मी कधी दुसरं स्टेशन लावायला सांगणार नाही. काव्यवाचन ऐन रंगात असताना तिनं लोणच्याची कृती लावली, तरी नाही. आणि नातीचा हात त्या बटणापर्यंत पोचला, की ती जे लावील, ते मी शेवटपर्यंत ऐकेन.

तुझा,
ज्याचं नाव तू फक्त उखाण्यातच घेतलंस, तो
गजानन